काच निष्कलंक उतरावी म्हणून

काच म्हटली की मराठी वाचकाला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना आठवतो, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवतो, आणि त्यांच्या मागोमाग धगधगत्या भट्ट्या, वितळून रसरशीत झालेला काचरस व नळीच्या टोकाशी तो फुंकणारे कारागीर असा सारा देखावा डोळ्यांपुढे येतो. परंतु प्रस्तुत लेखात ज्या क्रियेचा विचार करावयाचा आहे तीत काच वितळवावयाची नसते आणि फुंकावयाचीही नसते. थंड, सपाट तावदान साच्याच्या काठावर टेकवावयाचे, विजेच्या लहान भट्टीत ते सावकाश तापवावयाचे, आणि मऊ पडून स्वतःच्याच भाराने ते साच्याच्या पोकळीत उतरले की तेथेच हात आखडता घ्यावयाचा, एवढाच हा मामला आहे. कारागिरांच्या बोलण्यात याला स्लम्पिंग म्हणतात. ही युक्ती अर्वाचीन नाही. भूमध्य समुद्राच्या आसमंतात दोन हजार वर्षांपूर्वी जे कंगोरेदार वाडगे होत असत, तेही काचेची तापलेली चकती साच्यावर लवू देऊनच केलेले असावेत, असे जाणकारांचे मत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास शिकागो येथे मायकेल व फ्रान्सिस हिगिन्स या दांपत्याने साध्या खिडकीच्या काचेवर एनॅमलचे रंग चढवून ती साच्यांत उतरवली आणि या कसबाला घरगुती वापराच्या ताटवाडग्यांत मानाचे स्थान मिळवून दिले.

क्रिया वरकरणी इतकी सोपी असल्यामुळेच नवशिक्याची फसगत होते. वाडग्याचा आकार पहिल्याच खेपेस बरा साधतो, पण भट्टी निवल्यावर तो हाती घेऊन खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरला, की कोठे दुधट झाक, कोठे पांढरे ठिपके, तळाशी कुंचल्याचे फराटे आणि मधोमध उगाचच वर आलेला उंचवटा असा दोषांचा तपशील एकामागून एक दृष्टीस पडू लागतो. याचे कारण ध्यानी घेतले तर पुढील सर्व खबरदारीची संगती लागते. पुरी वितळलेली काच आपले ओरखडे व डाग बऱ्याच अंशी स्वतःच पुसून टाकते, कारण तिचा पृष्ठभाग वाहता असतो. साच्यात उतरण्यापुरती मऊ पडलेली काच मात्र जे स्पर्श करील त्याची खूण घेण्याइतकी नरम आणि ती खूण मिटवून टाकण्याच्या कामी फार कठीण, अशा अडनिड्या अवस्थेत असते. सबब तावदानावर जो ओरखडा आधी असेल तो नंतरही राहील, काठावर जी कपची उडालेली असेल ती तशीच दिसेल, आणि भट्टीत जे नवे चिकटेल त्याची भर पडेल. उष्णता दोष झाकून घेईल या भरवशावर काम काढू नये.

विवेचनास काही निश्चित आधार असावा म्हणून आपण एकच उदाहरण समोर ठेवू: काचवाल्याच्या दुकानात सहज मिळणारी 6 मिलिमीटर जाडीची साधी पारदर्शक काच, तिची सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाची चकती, आणि झिलई न केलेल्या भाजक्या मातीचा उथळ साचा. रंगीत कलाकाचेचे तक्ते वापरणाऱ्यांनाही यातील बहुतेक मजकूर लागू पडेल. फक्त त्या काचा बहुधा कमी उष्णतेला, म्हणजे साधारण 630 ते 680 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरतात, आणि खिडकीच्या काचेला त्यापेक्षा तीसचाळीस अंश जास्त लागतात, एवढा फरक हिशेबात धरावा.

खिडकीच्या या काचेचा इतिहास तिच्या दोषांशी निगडित आहे. इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथे ॲलस्टेअर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलाच्या कुंडावर काचरस तरंगत ठेवून सपाट काच करण्याची पद्धत सिद्ध केली व 1959 साली ती जाहीर झाली. तेव्हापासून जगातील खिडक्यांची काच बहुतांशी याच मार्गाने तयार होते. या काचेची जी बाजू कथिलाला लागून असते तिच्यात कथिलाचा अत्यल्प अंश मुरून राहतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि खिडकीत त्याने काही बिघडतही नाही, परंतु भट्टीत काच तापून वाकू लागली की या थरातील कथिल अधिक ऑक्सिजन घेते, थर फुगू पाहतो, आणि वाकण्याच्या ओघात ज्या बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो त्या बाजूस तो असल्यास त्यावर अतिसूक्ष्म सुरकुत्या पडून इंद्रधनुषी छटा असलेली पांढुरकी झाक उमटते. ही झाक घासून जात नाही, धुऊन जात नाही. वाडग्यात आतली बाजू आक्रसते आणि बाहेरची ताणली जाते. यास्तव कथिलाची बाजू खाली, साच्याकडे ठेवावी. काच उलट्या साच्याच्या पाठीवर लवू द्यावयाची असेल तर ताणली जाणारी बाजू वरची असते, म्हणून तेथे ती वर यावी.

बाजू ओळखावी कशी, हा पुढचा प्रश्न. अंधाऱ्या खोलीत 254 नॅनोमीटरच्या, म्हणजे आखूड तरंगांच्या अतिनील दिव्याखाली कथिलाची बाजू दुधासारखा मंद प्रकाश देते व दुसरी बाजू काळोखी राहते. हीच खात्रीची परीक्षा होय. दुकानांतून नोटा तपासण्यासाठी जो जांभळा दिवा ठेवतात तो दीर्घ तरंगांचा असल्यामुळे या कामी निरुपयोगी आहे, आणि आखूड तरंगांचा दिवा डोळ्यांना व कातडीला अपायकारक असल्यामुळे चष्मा व हातमोजे घातल्याखेरीज तो पेटवू नये. पाण्याचा थेंब कोणत्या बाजूवर कसा पसरतो यावरून निवाडा देणारेही पुष्कळ आहेत, पण माझा त्या परीक्षेवर भरवसा नाही. दिवा नसेल तर तावदानाच्या कोपऱ्यातून दोन पट्ट्या कापाव्यात, तावदानाची वरची बाजू एकीत वर व दुसरीत खाली ठेवून त्या एकाच भट्टीत खोलगट साच्यावर उतरवाव्यात, आणि जिच्या आतल्या बाजूवर झाक दिसेल तिच्यावरून पूर्ण तावदानाचा निर्णय करावा. पट्ट्या कापण्यापूर्वी तावदानाच्या एका बाजूस खूण करून ठेवली नाही तर ही सारी उठाठेव फुकट जाते, हे वेगळे सांगावयास नको.

आता काचेच्या स्वच्छतेविषयी, आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. कारण वरच्या पृष्ठभागावरील बहुतेक तक्रारींचे मूळ भट्टी पेटण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात असते. काच सुमारे 700 अंशांच्या वर बराच वेळ राहिली तर तिच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरू लागतात आणि तिचे तेज मावळून ती खरखरीत, मळकट दिसू लागते. कारागीर याला डीव्हिट म्हणतात. स्वच्छ काचेवर हे स्फटिक नाखुशीनेच धरतात. धुळीचा कण, तेलाचा ओघळ, क्षाराचा डाग किंवा घामट बोटाचा स्पर्श मिळाला की त्यांना आधार सापडतो. चकती साच्यावर ठेवताना मधोमध अंगठा टेकला गेला, तर भट्टीतून निघालेल्या वाडग्यावर त्या अंगठ्याच्या रेषा, जुन्या दस्तऐवजावर निशाणी उठवावी तशा, एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटलेल्या दिसतात. म्हणून काच धुतल्यानंतर ती केवळ कडांनी धरावी.

धुण्याची रीत अशी. प्रथम हिरकणीने कापताना लागलेले तेल आणि काचेच्या थप्पीत तावदाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात टाकलेली पांढरी भुकटी साबणाच्या साध्या पाण्याने काढावी. मग स्वच्छ पाण्याने खळबळावे. आणि शेवटचे पाणी मात्र बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. दख्खनच्या पठारावर बोअरच्या पाण्यात क्षार विपुल असतात, आणि असे पाणी काचेवरच सुकू दिले तर थेंबाच्या कडेने जे पांढरे वलय राहते तेच पुढे भट्टीत पक्के होते. काच वाऱ्यावर सुकवू नये. पुष्कळदा धुतलेल्या, धागे न सोडणाऱ्या सुती फडक्याने लगेच पुसावी. कपडे मऊ करणारे द्रव ज्या फडक्याला लागले असेल ते येथे चालत नाही. कडा घासल्या असतील तर त्यांच्या खरबरीत छिद्रांत काचेचा चुरा अडकून राहतो. तो ब्रशने नीट घासून काढला नाही तर कडेने एक पांढरी रेघ उमटते, आणि तिचा दोष लोक भट्टीला देतात. कडा घासावयाच्या त्या साच्यावर ठेवण्याआधी आणि उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या वॉटर पेपरवर पाणी घालून घासाव्यात, कारण स्लम्पिंगच्या उष्णतेत त्या आपोआप गुळगुळीत होतील एवढी काच वाहत नाही.

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात आणखी एक संकट आहे. पावसाळ्यात ओलसर जागी एकावर एक रचून ठेवलेल्या तावदानांच्या मध्ये पाणी शिरते, ते काचेतील सोडियम थोडा थोडा ओढून घेते, आणि महिन्या-दोन महिन्यांत काचेवर न पुसला जाणारा धुरकट पट्टा पडतो. खिडकीत बसविल्यावर तो एखाद्याच्या लक्षातही येणार नाही, पण भट्टीत हाच पट्टा सर्वांआधी डीव्हिट धरतो. दुकानदार अशी काच स्वस्तात देऊ करील, ती घेऊ नये. आणि आपली काच उभी, तावदानांमध्ये कोरडा कागद घालून, जमिनीपासून उंचावर ठेवण्याचा शिरस्ता पाडावा.

वरून पडणारी घाण हा एक निराळा प्रकार आहे. भट्टीच्या छतातील विटेचा भुगा, गंजलेल्या पट्टीचा कपचा, मागच्या खेपेस उडालेला लेप, यांतील काहीही काचेवर पडले की कायमचे रुतते. प्रत्येक खेपेपूर्वी भट्टी मऊ ब्रशने झाडावी आणि व्हॅक्यूम क्लीनरने भुगा ओढून घ्यावा. मात्र तोंडाला धूळरोधक मास्क बांधल्याशिवाय हे काम करू नये, कारण भट्टीतील विटांची, लेपाची आणि सिरॅमिक तंतूंच्या कागदाची धूळ फुप्फुसांना घातक असते. झाकण आपटण्याची सवय असणाऱ्यांनी ती सोडावी.

खालच्या पृष्ठभागाची कथा वेगळी आहे. तेथे गुन्हेगार बहुधा साचा किंवा त्यावरचा लेप असतो. काच मातीला चिकटू नये म्हणून साच्यावर ॲल्युमिना व चिनी मातीच्या भुकटीचा पाण्यात कालवलेला लेप देतात. तो जाड झाला तर कुंचल्याचा प्रत्येक फराटा काचेच्या पाठीवर छापला जातो, आणि साच्याच्या तळाशी साचलेला थर पापुद्रे होऊन सुटतो व काचेत अडकतो. यास्तव भुकटीचा एक भाग व पाण्याचे पाच भाग या प्रमाणात पातळ लेप करावा, तो वापरताना सारखा ढवळीत राहावा, कारण भुकटी झपाट्याने तळाशी बसते, आणि रुंद, अगदी मऊ केसांच्या कुंचल्याने एकावर एक चार हात द्यावेत: एक उभा, एक आडवा व दोन तिरपे. कुंचला साच्यावर दाबू नये, नुसता फिरवावा. लेप सुकल्यावर तळहाताने किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याने तो हलकेच चोळला की उरलेसुरले फराटेही मोडतात, आणि उडालेली भुकटी झटकून साचा उलटा करून ठोकला की काम पुरे होते. मातीला पाणी शोषण्याची हौस असल्यामुळे वरून कोरडा दिसणारा साचा आत ओला असू शकतो. तो 250 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे रिकामाच तापवून घ्यावा. आषाढ-श्रावणात तर हे कधीच टाळू नये. स्लम्पिंगच्या उष्णतेला लेप लवकर निकामी होत नाही, त्यामुळे खरवडलेला दिसेपर्यंत तोच पुष्कळ खेपा चालतो. दरवेळी नवा थर चढविणे हे थर जाड करून घेण्याचे निमित्त मात्र होते. पोलादी साच्यांसाठी बोरॉन नायट्राइडचा फवारा मिळतो व त्याने पाठ अधिक गुळगुळीत येते, परंतु त्याची किंमत पाहता मातीच्या साच्यावर तो वापरण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

मधोमध वर येणाऱ्या उंचवट्याचे कारण साच्यात कोंडलेली हवा. चकती खाली येऊ लागते तेव्हा तिची कड साच्याला चिकटून बसते आणि पोकळीतील हवेला वाट उरत नाही. चांगल्या साच्याच्या तळाशी याचसाठी एक-दोन बारीक छिद्रे असतात. लेप देताना ती बुजतात, म्हणून लेप ओला असतानाच दाभणाच्या टोकाने मोकळी करावीत. एवढ्याने भागत नाही, कारण साचा भट्टीच्या फरशीवर सपाट बसला तर छिद्रातून निघालेली हवा जाणार कोठे? तीन लहान ठोकळ्यांवर साचा बोटभर उचलून ठेवावा. त्याच वेळी पाणसळ लावून साचा आणि फरशी दोन्ही समपातळीत आहेत ना, हे पाहावे. साचा कलता असेल तर काच एका बाजूने आधी घसरते, कड वरखाली होते, आणि घसरण्याच्या वाटेवर काचेच्या पाठीवर ओढल्याच्या रेघा राहतात. चकती साच्याच्या काठाबाहेर जाता कामा नये. बाहेर राहिलेली कड काठावर अडकते व तेथे दातेरी खूण सोडते.

याउपर राहिली उष्णता, आणि तिच्याबाबत माझे मत ठाम आहे: वाडग्याची पाठ खरखरीत येण्याचे सर्वांत मोठे कारण घाई हेच आहे. अधिक तापवले की काच लवकर उतरते हे खरे, पण ती साच्याच्या मातीचा प्रत्येक कण, तळाचे छिद्रसुद्धा, आपल्या पाठीवर उमटवून घेते. भिंती पातळ होऊन काच तळाकडे सरकते. आणि वरच्या बाजूस डीव्हिटला आमंत्रण मिळते. तीच काच थोड्या कमी उष्णतेवर अधिक वेळ ठेवली तर ती साच्याला टेकून तेथेच थांबते. आपल्या उदाहरणात ताशी 150 अंशांच्या वेगाने 600 पर्यंत जावे, पुढे ताशी 100 अंशांनी 680 गाठावेत, आणि तेथे दहा मिनिटांनी झरोक्यातून पाहावे. तप्त भट्टीत डोकावताना अवरक्त किरण अडविणारा चष्मा आणि लांब बाह्यांचे सुती कपडे हवेत. काच अर्धीच उतरली असेल तर आणखी दहा मिनिटे थांबावे. मुळीच हलली नसेल तरच पाच-पाच अंशांनी चढावे, आणि शक्यतो 700 ओलांडू नयेत. मोठ्या व्यासाची किंवा जाड काच लवकर लवते, लहान व्यासाची हट्टी असते. एकाच्या मोजमापावरून दुसरीचा अंदाज बांधू नये. हे आकडे म्हणजे हुकूमनामा नव्हे. भट्टीचे थर्मोकपल आपल्या टोकाजवळच्या हवेची उष्णता सांगते, काचेची नव्हे. एलिमेंट बाजूंना असलेल्या भट्टीत कड आधी तापते व छतात असलेल्या भट्टीत मध्य आधी तापतो. म्हणून दरेक खेपेची नोंद, काचेची जाडी, साचा, गाठलेले अंश, थांबलेली मिनिटे आणि निघालेला दोष, अशी एका वहीत ठेवावी. अशी वही नसणारा माणूस तीच चूक वर्षानुवर्षे नव्याने करतो.

काच तळाला टेकली की कंट्रोलरची मुदत संपण्याची वाट न पाहता पुढच्या टप्प्यावर जावे. झाकण उघडे टाकून भट्टी निववण्याची काहींची रीत आहे, ती मला पसंत नाही. त्याने छतावरचा भुगा पडतो आणि भट्टीच्या विटांनाही तडे जातात. भट्टी आपल्या चालीने 550 पर्यंत येऊ द्यावी. तेथे सुमारे पाऊण तास स्थिर ठेवून काचेतील ताण सैल होऊ द्यावा, म्हणजे अनुशीतन करावे, आणि मग ताशी 80 अंशांहून अधिक वेगाने न उतरता 430 पर्यंत यावे. पुढे वीज बंद करून भट्टी बंदच ठेवावी, आणि वाडगा हाताला कोमट लागेपर्यंत बाहेर काढू नये. अनुशीतनात कसूर झाली तर तडा जातो, आणि तडा पृष्ठभागाचा दोष नव्हे, वाडग्याचा शेवट होय.

एवढे करूनही झाक आलीच तर काय, असा प्रश्न विचारला जातो, व त्यावर टाकणखाराचा इलाज सुचविला जातो. डिस्टिल्ड पाण्यात उकळून विरघळवलेला टाकणखार काचेवर पातळ फवारला की तो वितळून डीव्हिटवर तकाकी आणतो, हे खरे आहे. परंतु टाकणखार वितळतो सुमारे 740 अंशांना, आणि साच्यात बसलेला वाडगा तेवढा तापवला तर तो वाडगा राहत नाही. 680 अंशांवर तर टाकणखार स्वतःच पांढरे पटल होऊन बसेल. म्हणून हा उपाय करावयाचा तो काच सपाट असताना, तुकडे एकत्र वितळवून तक्ता तयार करण्याच्या वेळी. सपाट तक्त्यावर डीव्हिट दिसले तर तेथेच घासून व फवारून पुन्हा वितळवून घ्यावे, मगच तो साच्याकडे न्यावा. उतरून झालेल्या वाडग्यावरील झाकेला माझ्या मते एकच प्रतिष्ठित मार्ग आहे: साऱ्या वाडग्यावर वाळूचा मारा करवून त्याला सर्वत्र सारखी मंद, धुरकट झिलई द्यावी. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने झाक काढणारे लोक आहेत, पण ते आम्ल कातडीतून शिरून हाडांपर्यंत पोचते. घरात त्याची बाटली आणू नये.

पाठीला नुसता लेप चिकटला असेल तर मात्र निराश होण्याचे कारण नाही. लिंबूफुलाच्या पाण्यात वाडगा दोन-तीन तास बुडवून ठेवावा, मऊ नायलॉनच्या ब्रशने घासावा, ओल्या बारीक वॉटर पेपरने उरलेला खरखरीतपणा काढावा, आणि धुऊन लगेच पुसावा. सुक्या पेपरने घासू नये, त्याने ओरखडे पडतात आणि काचेची धूळ हवेत उडते.